दारात नवे स्पीकर बसवले, तरी बास (खर्जाचा आवाज) नाही. डँपिंग (पत्र्याची कंपनं जिरवणं) नेमकं किती आणि कुठे?

घोडबंदर_चालक
नमस्कार मंडळी. २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढच्या दोन्ही दारांतले कंपनीचे स्पीकर काढून ६.५ इंची कंपोनंट सेट बसवलाय: दारात वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) आणि वेगळे ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर), ट्वीटर आरशाच्या त्रिकोणात आहेत. हेड युनिट (डॅशबोर्डवरचा म्युझिक प्लेअर) कंपनीचंच, वेगळा अ‍ॅम्प नाही. गाण्यातले शब्द आता स्वच्छ ऐकू येतात, पण तबल्याच्या डग्ग्याचा, ढोलकीच्या धुमेचा भरीवपणा पूर्वीपेक्षाही कमी झालाय. आवाज जरा वाढवला की डाव्या दाराचं पॅड (आतलं प्लास्टिकचं आवरण) घरघरतं.

दुकानात सल्ला मिळाला की चारही दारं आतून-बाहेरून पूर्ण मॅटने (कंपन जिरवणाऱ्या चिकट रबरी शीटने) मढवून टाका. खरंच एवढी गरज आहे का? काम घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचं आहे. मॅट किती लागेल, कुठली घ्यावी, आणि ठाण्याच्या पावसात दारात पाणी अडकून पत्रा गंजणार तर नाही ना, एवढं सांगा.

नेरुळ_ध्वनी
चार दारं मढवायची अजिबात गरज नाही. पुढची दोन पुरेत, आणि त्यातही मॅट हा दुसरा मुद्दा आहे. पहिला मुद्दा भोकांचा.

दाराचं पॅड काढलंत की आतल्या पत्र्याला दोन-तीन मोठी भोकं दिसतील, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी. काचेची मोटर आणि लॉक बसवता यावं म्हणून ती ठेवलेली असतात. त्यांच्यावर कंपनीने पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो पाणी अडवतो, आवाज अडवत नाही. स्पीकरचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा केबिनच्या बाजूला हवेचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी दाराच्या पोटात तो कमी होतो. १०० हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण ३.४ मीटर लांब असते. तिच्यापुढे एका दाराच्या आतलं-बाहेरचं अंतर काहीच नाही. त्यामुळे मागची उलटी लहर भोकांतून केबिनमध्ये येते आणि पुढच्या लहरीला जवळजवळ खाऊन टाकते. डग्गा, ढोलकी, बेस गिटार यांचा भरीवपणा ८० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि नेमका तोच जातो. वरचे सूर या गळतीने फारसे बिघडत नाहीत, म्हणून तुम्हाला शब्द स्वच्छ आणि बास गायब असं ऐकू येतंय.

आधी एक फुकटची चाचणी करा. मोबाइलला ऑक्स किंवा ब्लूटूथने जोडून १०० हर्ट्झचा सलग सूर मध्यम आवाजात लावा आणि बॅलन्स फिरवून फक्त डावा स्पीकर चालू ठेवा. मग बॅलन्स मधोमध आणा. दोन्ही चालू असताना बास वाढण्याऐवजी कमी झाला, तर एका स्पीकरच्या वायर उलट्या लागल्या आहेत. स्पीकर बदलताना ही चूक फार होते, आणि मग कितीही मॅट लावली तरी बास येत नाही. खात्री करायला साधा १.५ व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावा: प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर येतो. ट्वीटरला सेल लावू नका.

वायरी बरोबर असतील तर कामाचा क्रम असा ठेवा: स्पीकरखालची रिंग, मग भोकं बंद करणं, मग बाहेरच्या पत्र्यावर थोडी मॅट, शेवटी पॅडची घरघर. पैसे कमी पडले तर शेवटून कापा, सुरुवातीपासून नको.

रिंगकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. कंपनीच्या पातळ प्लास्टिकच्या ब्रॅकेटवर जड स्पीकर लावला की ब्रॅकेटच थरथरतं आणि कडेने हवा सुटते. १५ ते १८ मिमी जाडीची टणक रिंग हवी. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग बाजारात सहज मिळते, पण आपल्याकडच्या पावसात ती कडेने फुगते आणि स्क्रू सैल पडतात. एचडीपीई (टणक प्लास्टिक) घ्या. भाजी चिरायचा जाड पांढरा प्लास्टिकचा बोर्ड मिळतो ना, तोच जिगसॉने कापला तरी उत्तम रिंग होते आणि पाण्याने तिचं काही बिघडत नाही. रिंग आणि पत्र्याच्या मध्ये ३ मिमीची बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमची पट्टी, तशीच स्पीकर आणि रिंगच्या मध्ये. रिंग पत्र्याला नट-बोल्टने किंवा रिव्हनटने (पत्र्यात पक्क्या बसणाऱ्या नटने) आवळा, कंपनीच्या प्लास्टिक रिव्हेटच्या भरवशावर ठेवू नका.

रिंग कापायच्या आधी काच पूर्ण खाली घ्या आणि आतल्या पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. त्यात रिंगची जाडी मिळवा आणि स्पीकरची खोली वजा करा. निदान १० मिमी मोकळे उरले पाहिजेत. काच वर असताना सगळंच बसतं, आणि मग पहिल्यांदा काच उतरवली की ती मॅग्नेटवर आपटते.

तुर्भे_पत्रा
वरच्या उत्तराशी सहमत. आता सामान आणि हिशोब.

मॅट ब्यूटिल रबराचीच घ्या, वर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली, २ मिमी जाड. तो थर दिखाऊ नाही. पत्रा वाकतो तेव्हा पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये ब्यूटिल खेचलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. थर चपातीच्या फॉइलसारखा पातळ असला तर ब्यूटिल नुसतं चिकटून राहतं, काम करत नाही. १०० मायक्रॉनच्या आसपासचा थर चांगला. नखाने दाबून ओढलं तर सहज फाटणारा घेऊ नका.

स्वस्त मॅटमध्ये डांबर असतं. ओळखायचं असेल तर बोटभर तुकडा तासभर फ्रीझरमध्ये ठेवून दुमडा. डांबराचा तुकडा तडकतो किंवा मोडतो, ब्यूटिल वाकतं आणि पुन्हा सरळ करता येतं. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा इतका तापतो की डांबर मऊ पडून खाली घसरतं, दाराच्या तळाशी गोळा होतं आणि आठवडे वास येत राहतो. छतासाठीची वॉटरप्रूफिंगची पट्टीही यासाठी नको, तिच्यातही बहुधा डांबरच असतं.

आता किती. हॅचबॅकच्या पुढच्या दाराचा बाहेरचा पत्रा साधारण ७ ते ८ चौ. फूट धरा. त्याच्या ३० ते ४० टक्के भागावर मॅट लावली की टणटणाट जातो. पुढे मढवत गेलात तर वजन वाढतं, फायदा त्या मानाने वाढत नाही. म्हणजे बाहेरच्या पत्र्याला ३ चौ. फूट, आतल्या पत्र्यावर स्पीकरभोवती आणि सपाट जागी २ ते ३ चौ. फूट. दोन दारांचे १२ चौ. फूट. २ मिमी ब्यूटिल एका चौ. फुटाला ३०० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे एकूण साडेतीन-चार किलो. चारही दारं दोन्ही बाजूंनी मढवली तर हाच आकडा १५ किलोच्या पुढे जातो आणि खर्चही त्याच पटीत.

याशिवाय दर दाराला ४-५ मीटर ब्यूटिलची दोरी, पॅडच्या मागे लावायला ६ मिमी बंद पेशींचा फोम ६ चौ. फूट, आणि पॅडच्या जादा क्लिपा. क्लिपा आधीच आणून ठेवा, दहा-बारा तरी. जुन्या गाडीच्या दोन-चार तुटतातच, आणि एक क्लिप कमी असली की नवी खडखड सुरू.

बाहेरच्या पत्र्यापर्यंत भोकांतूनच हात घालायचा असतो, त्यामुळे मोठं शीट लावता येत नाही. मॅट २० बाय २५ सेंमीच्या तुकड्यांत कापा, कोपरे गोल करा. जाड हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. कंपनीने आत गंजरोधक मेण मारलेलं असेल तर त्यावर ब्यूटिल धरत नाही, तिथे दोन-तीनदा पुसावं लागतं. पण खालच्या शिवणीतलं मेण पुसू नका, ते तिथेच हवं. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, मागे तेलकट थर राहतो आणि रंगही बिघडू शकतो.

पहिला तुकडा स्पीकरच्या बरोब्बर मागे. मग सगळ्यात मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर. कुठे लावायचं हे बोटाच्या पेराने टकटक करून ठरवा: टण्ण आवाज येतो तिथे मॅट, ठप्प येतो तिथे गरज नाही. लावल्यावर रोलरने इतका दाबा की फॉइलवरची नक्षी सपाट होईल. नक्षी दिसतेय म्हणजे खाली हवा आहे, आणि हवा असलेला तुकडा पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. उन्हाळ्यात हीट गन लागत नाही. पावसाळ्यात लागली तरी मॅटला गरम करा, पत्र्याला नको. पलीकडच्या बाजूला रंग आहे.

धडक झेलणारा आडवा दांडा दारात असतो, तो आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये कंपनीने रबरी ठिपके दिलेले असतात. ते वाळून सुटले असतील तर तिथे ब्यूटिलच्या दोरीचे गोळे दाबा. बऱ्याच दारांची घरघर तिथेच असते.

कळवा_खाडी
पावसाच्या प्रश्नावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण ठाणे-नवी मुंबईत सगळ्यात जास्त कामं इथेच फसतात.

दारात पाणी येणारच. काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पावसाचं पाणी आत उतरतं, बाहेरच्या पत्र्यावरून खाली जातं आणि तळाच्या दोन-तीन भोकांतून रस्त्यावर पडतं. दार असंच बनवलेलं आहे. पाणी पूर्ण थांबवायच्या भानगडीत पडू नका. त्याची वाट मोकळी ठेवा. तळापासून दोन इंचांपर्यंत बाहेरच्या पत्र्याला काहीही चिकटवू नका आणि काम झाल्यावर तळाच्या भोकांतून प्लास्टिकची काडी फिरवून बघा. मॅटचा एक सुटा कपटा पडून भोक बुजलं की दारात पाणी साठतं, ब्रेक मारल्यावर खळखळ ऐकू येते, आणि शिवण आतून गंजायला लागते.

दुसरं, कंपनीचा प्लास्टिक कागद नीट बघा. त्याची खालची कड आतल्या पत्र्याच्या फटीतून दाराच्या पोटात खोचलेली असते. वरून ओघळलेलं पाणी पुन्हा दारात जावं म्हणून. तुम्ही कागद काढून टाकलात आणि तिथली फट बुजवली नाहीत, तर तेच पाणी पॅडच्या मागून केबिनमध्ये येतं आणि पायाखालचं कार्पेट कुबट होतं. म्हणून भोकं बंद करताना सगळ्यात खालची कड सर्वात मन लावून बंद करा.

स्पीकरच्या वरच्या बाजूला, दाराच्या आत, मॅटची किंवा जाड प्लास्टिकची छोटी पडवी करा. मॅग्नेटवर पाणी ठिबकू नये एवढीच. स्पीकर सगळीकडून झाकणारे फोमचे कप विकतात ते नकोत. मागची हवा कोंडते आणि ज्या बाससाठी खटपट चालली आहे तोच दबतो. दारात साधा स्पंजसारखा फोमही घालू नका, तो पाणी धरून ठेवतो.

पॅड लावायच्या आधी चाचणी घ्या. काच वर करून तिच्या बाहेरच्या पट्टीवर लिटरभर पाणी हळूहळू ओता, दहा मिनिटं थांबा, आणि आतल्या पत्र्यावर सगळीकडे टिश्यू पेपर फिरवा, खास करून तळाला आणि वायरी जिथून बाहेर येतात तिथे. टिश्यू कोरडा राहिला तरच पॅड बसवा. मॅट चिकटवायचं काम शक्यतो मेअखेर उरकून घ्या. जून-जुलैत थंड पत्र्यावर दव धरतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि मॅट त्या दवावरच चिकटते.

घोडबंदर_चालक
फार उपयोगी माहिती, आभार. दोन शंका. मोठी भोकं थेट मॅटनेच झाकली तर चालेल का, दुकानात तसंच करतात? आणि पुढे पॉवर विंडोची मोटर बिघडली तर मेकॅनिक सगळं फाडणार, त्याचं काय?

तुर्भे_पत्रा
मुठीएवढ्या भोकावर मॅट चालते. कोपरापर्यंत हात जाणाऱ्या भोकावर नुसती मॅट ताणली तर ती ढोलकीच्या पुडीसारखी हलते. आवाज अडतो थोडा, पण बासच्या ठोक्याला मॅट आत-बाहेर होते आणि उन्हाळ्यात मध्ये झोळ पडतो. तिथे टणक काहीतरी हवं.

सगळ्यात सोपा माल म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती ३ मिमीची एसीपी शीट (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या थरांमध्ये प्लास्टिक). पाट्या बनवणाऱ्याकडे कापलेले तुकडे पडलेले असतात. हलकी, पाण्याने न बिघडणारी, कटरने रेघ मारून कापता येते. भोकावर वर्तमानपत्र धरून कड बोटाने दाबत आकार उमटवा, चहूबाजूंनी २० मिमी जास्त ठेवा आणि त्या मापाने शीट कापा. कडेने ब्यूटिलची दोरी फिरवा, शीट दाबा, वर ८-१० स्क्रू. स्क्रू १० मिमीपेक्षा लांब नको आणि भोक पाडायच्या आधी काच वर-खाली करून तिचा आणि रेग्युलेटरच्या (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या) केबलचा मार्ग बघून घ्या. पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला गंजरोधक प्रायमरचा ठिपका. तेवढा ठिपका विसरलात तर खाडीच्या हवेत तिथून गंज चालू होतो.

मोटर बिघडली तर स्क्रू काढा, दोरीवरून शीट उचला, काम झालं की तीच शीट परत दाबा. मॅटने झाकलेलं भोक मात्र फाडूनच उघडावं लागतं. म्हणून मेकॅनिकच्या सोयीसाठीसुद्धा शीटच बरी.

कंपनीच्या कागदाचा काळा चिकट पदार्थ पत्र्यावर राहतो. तो घासू नका, पसरत जातो. त्याचाच सुपारीएवढा गोळा करा आणि उरलेल्या ओघळावर टपटप दाबत उचला. गोळा सगळा चिकट ओढून घेतो.

बेलापूर_सर्किट
शीट कापायच्या आधी एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. काही गाड्यांत पुढच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर असतो. धडकेत दार चेपलं की दाराच्या पोटातली हवा एकदम दाबली जाते आणि सेन्सर ते ओळखतो. तुमच्या गाडीत साइड एअरबॅग असेल तर आधी तो सेन्सर शोधा. त्याचं तोंड झाकू नका, त्याच्या आसपास मॅटचे थर देऊ नका, आणि आतल्या पत्र्याला नवं मोठं भोक तर मुळीच पाडू नका. पॅड उघडलेलं आणि कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन चालू केलंत तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून पाच-दहा मिनिटं थांबून मगच कनेक्टरला हात लावा.

काही नव्या गाड्यांत आतल्या पत्र्यावर मोठी भोकं नसतातच. रेग्युलेटर अख्ख्या प्लास्टिकच्या पाटावर बसवलेला असतो आणि पाट सील केलेला असतो. तसं असेल तर तो पाट उघडू नका. त्याच्या सपाट भागावर मॅटचे तीन-चार तुकडे पुरतात.

स्पीकरची वायर कंपनीच्या कपलरला जोडणारा अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो वापरा. वायर कापली की वॉरंटीवर वाद होतो, आणि परत मूळ स्पीकर लावायचा झाला तर जोड घालत बसावं लागतं. दाराच्या आत कोणतीही वायर स्पीकरकडे नेताना तिला खालच्या बाजूला एक वळसा द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी टपकेल, टर्मिनलपर्यंत जाणार नाही.

नेरुळ_ध्वनी
पॅडच्या घरघरीचं राहिलं होतं. आवाज खरं तर पॅडचा नसतो, त्याच्या मागे सुट्या असलेल्या गोष्टींचा असतो. लॉकचा दांडा, हँडलची केबल, वायरचे कपलर. दांड्याला मॅट चिकटवू नका, लॉक जड जातं. त्याला कापडी वायरिंग टेपचे दोन वेढे द्या, कपलरना फोममध्ये गुंडाळा. मग पॅडच्या पाठीला ६ मिमी फोम, क्लिपांच्या जागा सोडून. क्लिपेखाली फोम आला तर पॅड पत्र्यावर बसत नाही आणि फट राहते.

आणि स्पीकरच्या पुढे, त्याची कड आणि पॅडची जाळी यांच्यामध्ये, फोमची गोल रिंग लावा. जाडी अशी की पॅड बसवल्यावर ती किंचित दबली पाहिजे. ही नसली तर पुढचा आवाज पॅडच्या मागे शिरतो, पॅड थरथरवतो, आणि भोकं बुजवून मिळवलेला बास तिथे वाया जातो. डाव्या दाराची तक्रार बहुतेक इथेच मिटेल.

कुठून आवाज येतोय ते शोधायला ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळू चढणारा सूर लावा. घरघर सुरू होईल त्या आकड्यावर थांबवा, आणि तळहात एकेका ठिकाणी दाबत जा: कप्पा, आर्मरेस्ट, काचेच्या बटणांची पट्टी, आरशाचा त्रिकोण. हात ठेवल्यावर थांबलं तिथे फोम.

बेलापूर_सर्किट
हेड युनिटच्या डब्यावर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असलं तरी आतला अ‍ॅम्प सलग साधारण २० वॅटच देतो. त्याच्याकडून ४० हर्ट्झ मागू नका. सेटिंगमध्ये हाय पास फिल्टर (ठरावीक आकड्याखालचे सूर अडवणारा) असेल तर ८० हर्ट्झवर ठेवा, लाउडनेस आणि बास बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट. असं ऐकून बघा आणि मगच एक-दोन पायऱ्या वाढवा. काम सुरू करायच्या आधी मोबाइल ड्रायव्हरच्या सीटच्या हेडरेस्टला बांधून तोच चढता सूर एकदा रेकॉर्ड करा. आधी डावं दार पूर्ण करा, उजवं तसंच ठेवा, आणि दोन दारं एकामागून एक ऐका. फरक इतका स्पष्ट असतो की उजव्या दारात कुठे किती सामान लागेल हे त्यावरूनच कळतं.

घोडबंदर_चालक
पोलॅरिटी (वायरींचं प्लस-मायनस) आताच तपासली. उजव्या वूफरच्या वायरी खरंच उलट्या लागल्या आहेत. त्या आधी सरळ करतो, मग एसीपीचे तुकडे शोधायला निघतो. गाडीला साइड एअरबॅग नाही, मॅन्युअलमध्ये पाहिलं.

कळवा_खाडी
वायरी सरळ केल्यावर निम्मी तक्रार तिथेच संपेल. उरलेल्यासाठी रिंग आणि भोकं बंद करून आधी ऐका, मॅट त्यानंतर मागवा. कदाचित १२ ऐवजी ८ चौ. फुटांत भागेल. पाण्याची चाचणी मात्र दोन्ही दारांना घ्या.